भूतकाळातले कुड, वुड, शुड, मस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात सात रस्त्याजवळ संध्याकाळी आमचा इंग्रजीचा वर्ग भरतो. परदेशी जाण्यासाठी परीक्षा देणाऱ्या नर्स, टॉवेलच्या कारखान्यातून बाहेरच्या गिऱ्हाइकांना मेल लिहिणारी मुलं, रेल्वे भरतीचा अभ्यास करणारे आणि दहावीच्या मुलांच्या आया एकाच बाकावर बसतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड. वर्ग सुटल्यावर फोनवर जे प्रश्न येत राहतात, त्यांत भूतकाळातल्या मोडलचे सर्वांत जास्त. तेच इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत, ती मोठ्याने वाचा.

१. मॅडम, मोडल म्हणजे नेमके कोणते शब्द? आणि त्यांचा भूतकाळ करायचा कसा?

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट हे नऊ. त्यांच्या पंगतीला ऑट टू आणि नीड हे दोघे अर्धेमुर्धे बसतात. शाळेत आपण ‘कॅनचा भूतकाळ कुड, विलचा वुड’ असं पाठ केलेलं असतं, आणि शब्दांचा इतिहास पाहिला तर ते बरोबरच आहे. पण आज ‘कुड यू हेल्प मी?’ या वाक्यात भूतकाळाचा लवलेश नाही, ती नम्र विनंती आहे. मस्टचं आणखीच वेगळं. तो मुळात स्वतःच एका जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप होता. पुढे तो वर्तमानात वापरला जाऊ लागला आणि त्याला स्वतःचा भूतकाळ उरला नाही.

त्यामुळे मागे जायच्या वाटा दोन. एक, मोडल एकटाच: क्षमतेसाठी कुड (प्रश्न ६) आणि सवयीसाठी वुड (प्रश्न ११). दुसरी वाट जास्त रहदारीची: मोडल, त्यापुढे हॅव, त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. या दुसऱ्या वाटेत कामाची वाटणी असते. हॅव आणि तिसरं रूप घटनेला मागे नेतात, आणि मोडल बोलणाऱ्याचं आत्ताचं मत सांगतो. ‘शी मस्ट हॅव लेफ्ट’ या वाक्यात निघणं मागचं आहे, खात्री आत्ताची आहे.

फळ्यावर काळांचा तक्ता काढण्याऐवजी मी दोनच गोष्टी विचारते. ती गोष्ट घडली का? आणि ते तुम्हाला माहीत आहे का? मराठी क्रियापदाने याची उत्तरं आधीच देऊन ठेवलेली असतात. ‘गेला असेल’ म्हणजे मला माहीत नाही. ‘गेला असता’ म्हणजे गेला नाही. ‘जायला हवं होतं’ म्हणजे गेला नाही आणि त्याची बोच आहे. इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी आपलं मराठी वाक्य नीट ऐकलं, तर निम्मं काम तिथेच होतं.

२. ‘ही मस्ट हॅड गॉन’ किंवा ‘शी शुड हॅज गॉन’ का चालत नाही?

मोडलच्या लगेच पुढे क्रियापद कायम मूळ रूपातच येतं. कर्ता ही असो, शी असो, दे असो, हॅव हा हॅवच राहतो. त्यापुढे तिसरं रूप, दुसरं नव्हे. म्हणून ‘शुड हॅव वेंट’ही चूक.

बोलताना हा हॅव इतका आखडतो की ‘शुडव्ह’ एवढंच ऐकू येतं. त्यामुळे जन्माने इंग्रजी बोलणारी मंडळीसुद्धा तिथे हॅवऐवजी ‘ऑफ’ हा शब्द लिहून बसतात. तुम्हाला कुणाच्या मेसेजमध्ये तसं दिसलं तर उचलू नका. कुडच्या स्पेलिंगमध्ये एल कशाला, असंही दहावीची मुलं विचारतात. वुड आणि शुड यांच्यातला एल विल आणि शॅलकडून वारशाने आलेला आहे. कुडमधला मात्र या दोघांच्या देखादेखी नंतर घुसलेला आहे, कॅनमध्ये एल कधीच नव्हता.

३. ‘गेला असेल’, ‘गेला असावा’, ‘गेला असणार’ या तिन्हींना इंग्रजीत एकच वाक्य का नाही?

कारण आपण मराठीतही तिन्ही एकाच अर्थाने म्हणत नाही. ‘असणार’मध्ये खात्री आहे, ‘असावा’मध्ये अंदाज आहे, आणि ‘असेल’ हा कुठेही वळणारा शब्द आहे. त्याच्याआधी ‘कदाचित’ आहे की ‘एव्हाना’, यावरून त्याचं वजन ठरतं.

सकाळी उठून पाहिलं तर अंगण ओलं, झाडांची पानं धुतलेली. ‘रात्री पाऊस पडलेला असणार.’ इथे ‘इट मस्ट हॅव रेन्ड’. पुरावा डोळ्यांसमोर आहे, म्हणून मस्ट. मुलगा फोन उचलत नाही. ‘कदाचित झोपला असेल.’ इथे ‘ही मे हॅव फॉलन अस्लीप’ किंवा ‘माइट हॅव’. पुरावा नाही, नुसती शक्यता आहे. आणि भाऊ सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेला, आता दुपार झाली. ‘एव्हाना पोहोचला असेल.’ या ‘असेल’मध्ये शंका नाही, हिशोब आहे. त्याला ‘ही विल हॅव रीच्ड बाय नाउ’ म्हणतात. विल दिसला की भविष्यकाळ, असं धरून चालणाऱ्यांना हे वाक्य अडतं. पण इथे पोहोचणं होऊन गेलेलं आहे, विल आहे तो आपल्या खात्रीपुरता.

‘असावा’साठी मी ‘प्रॉबेब्ली’ वापरायला सांगते: ‘ही हॅज प्रॉबेब्ली लेफ्ट’. प्रत्येक मराठी रूपासाठी इंग्रजीत मोडलच शोधला पाहिजे असं नाही.

४. ‘तुम्ही पैसे द्यायला पाहिजे होते’ याला ‘यू मस्ट हॅव पेड’ म्हणू ना? पाहिजे म्हणजे मस्टच की.

नाही. या पानावरची सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

आमचा एक विद्यार्थी वडिलांच्या टॉवेलच्या कारखान्यात मेल पाहतो. बाहेरच्या गिऱ्हाइकाने ठरलेला ॲडव्हान्स दिला नव्हता. याने जरा कडक शब्दांत लिहायचं म्हणून लिहिलं, ‘यू मस्ट हॅव पेड द ॲडव्हान्स लास्ट वीक.’ त्याच्या मनात होतं, ‘मागच्या आठवड्यात द्यायला पाहिजे होता.’ समोरच्याने वाचलं, ‘मागच्या आठवड्यात तुम्ही ॲडव्हान्स दिलेलाच असणार.’ म्हणजे तगादा सोडा, पैसे मिळाल्याची जवळजवळ कबुलीच गेली. गिऱ्हाइकाने शांतपणे उत्तर पाठवलं की आम्ही तपासून सांगतो. त्यात आणखी दिवस गेले.

वर्तमानात मस्टची दोन कामं असतात, सक्ती आणि खात्री. मागे जाताना या दोघांची ताटातूट होते. खात्री ‘मस्ट हॅव’कडे जाते. सक्ती ‘हॅड टू’कडे जाते, आणि ‘हॅड टू’मध्ये काम झालेलं असतं: ‘वी हॅड टू पे अ फाइन’ म्हणजे दंड भरावा लागला, आणि भरला. काम व्हायला पाहिजे होतं पण झालं नाही, त्यासाठी ‘शुड हॅव’. त्या मुलाचं वाक्य हवं होतं, ‘यू शुड हॅव पेड द ॲडव्हान्स लास्ट वीक.’

कानाला सवय लावायची असेल तर मराठी शेपट्या म्हणत राहा. लागलं तर हॅड टू. पाहिजे होतं तर शुड हॅव. असणार तर मस्ट हॅव.

मस्टन्टचं काय, असंही विचारतात. ‘फोटो काढायचा नाही’ अशी मनाई कालची असेल तर ‘वी वेअर नॉट अलाउड टू टेक फोटोज’. तिथे ‘मस्टन्ट हॅव’ बसत नाही.

५. ‘शुड हॅव’मध्ये नेहमी चूक किंवा पश्चात्तापच असतो का?

बहुतेक वेळा असतो, पण दोन ठिकाणी नसतो.

एक, अपेक्षा. ‘दे शुड हॅव रीच्ड अक्कलकोट बाय नाउ.’ एव्हाना पोहोचायला हवेत. इथे कुणाला दोष दिलेला नाही, पोहोचले की नाही तेही माहीत नाही. ‘बाय नाउ’ हा शब्द दिसला की आधी हा अर्थ तपासा. मराठीत फरक एका ‘होते’चा आहे: ‘पोहोचायला हवेत’ ही अपेक्षा, ‘पोहोचायला हवे होते’ ही तक्रार.

दोन, भेटवस्तू. कुणी घरी येताना शेंगा चटणीचा डबा आणि चादर घेऊन आलं की यजमान म्हणतात, ‘ओह, यू शुडन्ट हॅव!’ एका नर्सला परदेशातल्या मुलाखतीच्या सरावात हे ऐकून वाटलं होतं की आपली चूक झाली. ते आपलं ‘अहो, कशाला आणलंत एवढं!’ आहे.

एरवी ‘यू शुड हॅव’ हे बोट दाखवणारं वाक्य आहे, हे लक्षात ठेवून वापरा. मोठ्या माणसाला किंवा साहेबांना लिहायचं असेल तर कर्ता बदलून घ्या (प्रश्न १५). ‘ऑट टू हॅव’चा अर्थ तोच, वापर कमी.

६. ‘आय कुड कॅच द ट्रेन’ हे सरांनी चूक दिलं. कुड हा कॅनचा भूतकाळ आहे ना?

आहे, पण नेहमीच्या क्षमतेचा. एका दिवशी एक काम जमलं, त्यासाठी होकारार्थी वाक्यात कुड चालत नाही. मराठीत हा फरक आपण न शिकता करतो. ‘आजोबा एका वेळी दोन माग चालवू शकायचे’ आणि ‘काल मला गाडी पकडता आली’. पहिल्यात ‘-यचे’ आहे, ती नेहमीची गोष्ट: ‘माय ग्रँडफादर कुड रन टू लूम्स ॲट अ टाइम.’ दुसऱ्यात एकदा घडलेलं यश: ‘आय वॉज एबल टू कॅच द ट्रेन’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू कॅच द ट्रेन’.

अपवाद दोन. नकारात अडचण नाही, ‘आय कुडन्ट कॅच द ट्रेन’ अगदी बरोबर. आणि दिसणं, ऐकू येणं, वास येणं, समजणं यांना एकदाच घडलं तरी कुड चालतो. ‘वी कुड सी द नंदीध्वज फ्रॉम द टेरेस’ बिनधास्त लिहा.

७. मग ‘कुड हॅव’ म्हणजे काय? कुड आणि कुड हॅव यांत मी कायम गोंधळतो.

‘कुड हॅव’ म्हणजे शक्य होतं, पण केलं नाही. मराठीत ‘करू शकला असता’.

आपल्या गावचंच उदाहरण घ्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. इतर डॉक्टर परतले. कोटणीस तिथेच थांबले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. या माणसाबद्दल लिहायचं वाक्य आहे: ‘ही कुड हॅव कम बॅक, बट ही स्टेड.’ परत येता आलं असतं, पण ते थांबले. त्यांचं सगळं मोठेपण या ‘कुड हॅव’मध्ये आहे, कारण वाट मोकळी होती.

आता शब्द बदलून पाहा. ‘ही वॉज एबल टू कम बॅक’ म्हटलं तर ते परत आले असा अर्थ होतो, म्हणजे इतिहासच खोटा. ‘ही कुडन्ट कम बॅक’ म्हटलं तर त्यांची इच्छा होती पण अडकले, असं होतं. निर्णय त्यांच्याकडून काढून घेतला जातो. ‘ही हॅड टू स्टे’ म्हटलं तर सक्ती झाली. चारही वाक्यांचं व्याकरण निर्दोष आहे. खरं एकच आहे. भूतकाळातल्या मोडलवर मी इतका वेळ का घालवते असं पालक विचारतात, तेव्हा मी हीच चार वाक्यं फळ्यावर लिहिते.

‘यू कुड हॅव टोल्ड मी!’ ही मात्र तक्रार आहे: ‘सांगता आलं असतं की!’ आणि कधी कधी ‘कुड हॅव’ नुसत्या अंदाजासाठीही येतो, तेव्हा तो ‘माइट हॅव’सारखा वागतो (पुढचा प्रश्न).

८. ‘मे हॅव’ आणि ‘माइट हॅव’ एकच का?

जिथे गोष्ट अजून उघड झालेली नाही तिथे दोन्ही चालतात. ‘ही मे हॅव मिस्ड द बस’, ‘ही माइट हॅव मिस्ड द बस’: चुकली असेल, माहीत नाही.

जिथे निकाल कळलेला आहे आणि गोष्ट घडलेली नाही तिथे फक्त माइट किंवा कुड. हे मी नर्सना दोनदा लिहायला लावते. पेशंट वाचला आहे, उपचार वेळेवर झाले. ‘विदाउट ट्रीटमेंट ही माइट हॅव डाइड’ म्हणजे नाहीतर दगावला असता. त्याच जागी ‘ही मे हॅव डाइड’ म्हटलं तर ऐकणाऱ्या नातेवाइकाच्या काळजात धस्स होईल, कारण त्याचा अर्थ ‘कदाचित गेला असेल, आम्हाला माहीत नाही’ असा होतो. इंग्रजी वर्तमानपत्रांतही हा फरक न पाळलेला दिसतो. दवाखान्यात पाळा, आणि नातेवाइकांशी बोलताना पुढे ‘बट ही इज सेफ’ जोडा.

९. ‘मस्ट हॅव’चा नकार ‘मस्टन्ट हॅव’ का?

‘कान्ट हॅव’ किंवा ‘कुडन्ट हॅव’. ‘शी कान्ट हॅव सेड दॅट’ म्हणजे ती असं म्हणाली असणं शक्यच नाही. अमेरिकेत ‘मस्ट नॉट हॅव’ सर्रास म्हणतात, त्यामुळे सिनेमात ऐकलं तर दचकू नका. ‘माइट नॉट हॅव’ वेगळं आहे, तिथे नुसतीच शंका: ‘म्हणाली नसेलही.’

१०. ‘आणायची गरज नव्हती’ याची दोन भाषांतरं पुस्तकात दिली आहेत. कोणतं खरं?

दोन्ही, कारण मराठी वाक्य इथे खरोखरच दोन गोष्टी झाकून ठेवतं. पाहुण्यांनी वाटेत खायला कडक भाकरी बांधून आणल्या आणि तुमच्याकडे स्वयंपाक तयार होता. ‘यू नीडन्ट हॅव ब्रॉट भाकरी.’ आणल्या, पण उगाच. दुसरीकडे, त्या आठवड्यात नळाला पाणी नीट आलं: ‘वी डिडन्ट नीड टू कॉल अ टँकर.’ गरज नव्हती, आणि बहुधा बोलावलाही नाही.

‘बहुधा’ म्हणते, कारण ‘डिडन्ट नीड टू’ फक्त गरजेबद्दल बोलतो. ‘आय डिडन्ट नीड टू गो, बट आय वेंट’ हे वाक्य चालतं. ‘नीडन्ट हॅव’मध्ये मात्र काम झालेलं असणं पक्कं आहे.

११. गोष्ट सांगताना ‘वी वुड गो’ असं लिहितात. हा वुड कुठला? इथे अट तर नाही.

हा सवयीचा वुड, आपला रीतिभूतकाळ. ‘जात असू’, ‘जायचो’. ‘एव्हरी जानेवारी वी वुड गो टू द गड्डा यात्रा, अँड माय फादर वुड कॅरी मी ऑन हिज शोल्डर्स.’ दर संक्रांतीला होम मैदानावर जायचो, बाबा खांद्यावर घ्यायचे. आधी काळ ठरवून दिला पाहिजे, ‘लहानपणी’ किंवा ‘दर वर्षी’, नाहीतर वाचणारा अट शोधत बसतो.

हा वुड फक्त कृतीला लागतो, स्थितीला नाही. ‘इथे गिरणी होती’ याला ‘देअर वुड बी अ मिल हिअर’ होत नाही, ‘देअर यूज्ड टू बी अ मिल हिअर’ म्हणावं लागतं. आवडणं, माहीत असणं, मालकीचं असणं यांनाही यूज्ड टू.

१२. ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम’ यात चूक काय? मराठीत दोन्हीकडे ‘असतं’ आहे.

चूक नेमकी त्यातूनच आली आहे. ‘तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो.’ मराठीचा संकेतार्थ दोन्ही बाजूंना सारखाच ‘असता’ लावतो. इंग्रजी इफच्या बाजूला हॅड लावते आणि निकालाच्या बाजूला वुड हॅव: ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ बोलीत इंग्रजी लोकही दोन्हीकडे वुड हॅव लावतात, परीक्षेत मात्र गुण जातात.

निकाल आजचा असेल तर हॅव गळतो: ‘इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी इन पुणे नाउ.’ तेव्हा ती नोकरी धरली असती तर आज पुण्यात असतो. आणि ‘हॅड यू टोल्ड मी’ असं उलटं वाक्य आलं तर त्यात इफ लपलेला आहे, अर्थ तोच.

१३. इनडायरेक्ट स्पीचमध्ये कोणता मोडल बदलतो?

विलचा वुड, कॅनचा कुड, मेचा माइट. कुड, वुड, शुड, माइट तसेच राहतात. मस्ट सक्तीचा असेल तर तसाच ठेवा किंवा हॅड टू करा. खात्रीचा असेल तर हात लावू नका.

मराठी असा बदल करत नाही. ‘तो म्हणाला, मी येईन’ आणि ‘तो म्हणाला की मी येईन’, येईन तसाच. म्हणून ‘ही सेड दॅट ही विल कम’ असं लिहिलं जातं. येणं अजून पुढे असेल तर तेही चालतं, पण परीक्षेत वुडच लिहा. एक लक्षात असू द्या: ‘ही सेड ही वुड कम’ यात तो आला की नाही ते सांगितलेलं नाही. ‘ही वुड हॅव कम’ म्हटलं की आला नाही, हे ठरलं.

१४. ‘मला जायचं होतं’ याला कोणता मोडल?

कोणताच नाही. इच्छा असेल तर ‘आय वॉन्टेड टू गो’, बेत असेल तर ‘आय वॉज गोइंग टू गो’, ठरलेलं काम असेल तर ‘आय वॉज सपोज्ड टू गो’.

१५. ‘वाट बघत बसला असेल’, ‘बिल पाठवायला हवं होतं’ अशी वाक्यं कशी करायची?

चालू क्रियेसाठी हॅवनंतर बीन आणि आयएनजी: ‘ही मस्ट हॅव बीन वेटिंग.’ कर्मणीसाठी हॅवनंतर बीन आणि तिसरं रूप: ‘द बिल शुड हॅव बीन सेंट लास्ट वीक.’ दुसऱ्या वाक्यात मराठीसारखीच सोय आहे, कुणी पाठवायचं होतं त्याचं नाव घ्यावं लागत नाही. तक्रार पोहोचते, माणूस दुखावत नाही. प्रश्न ४ मधल्या मुलाने पुढच्या मेलमध्ये हेच लिहिलं: ‘द ॲडव्हान्स शुड हॅव बीन पेड लास्ट वीक.’

१६. ‘त्याला जावं लागलं असणार’ यात सक्तीही आहे आणि अंदाजही. दोन मोडल एकापुढे एक ठेवू का?

नाही, प्रमाण इंग्रजीत दोन मोडल शेजारी बसत नाहीत. ‘विल कॅन’ नाही, ‘मस्ट कुड’ नाही. वरचा अंदाज मोडलकडे ठेवायचा आणि आतला अर्थ साध्या शब्दांत आणायचा. सक्तीला हॅव टू, जमण्याला बी एबल टू. मग हॅवपुढे त्यांचं तिसरं रूप: ‘ही मस्ट हॅव हॅड टू गो.’ जावं लागलं असणार. ‘शी मे हॅव बीन एबल टू गेट अ सीट.’ जागा मिळवता आली असेल. ‘वी वुड हॅव हॅड टू वेट टिल मॉर्निंग.’ सकाळपर्यंत थांबावं लागलं असतं.

हॅव आणि हॅड पाठोपाठ आले की मुलं एक खोडून टाकतात. खोडू नका, दोघांची कामं वेगळी आहेत. पहिला हॅव घटनेला मागे नेतो, दुसरा हॅड ‘लागलं’ सांगतो.